घरातल्या शाळेचे वर्ष आणि इतिहासाचा अभ्यासक्रम: आखणी कशी करावी

गणिताला जिना असतो. बेरीज आल्याशिवाय गुणाकार येत नाही, आणि अपूर्णांक कळल्याशिवाय बीजगणिताला हात घालता येत नाही. इतिहासाला असा जिना नाही. सहा वर्षांचे मूल आणि चौदा वर्षांचे मूल एकाच सकाळी इजिप्तविषयी शिकू शकते आणि दोघांचेही शिकणे खरे असू शकते. घरी शिकवणाऱ्या पालकाने इतिहासाची ही सोय ओळखली, तर वर्षाची आखणी पुष्कळ हलकी होते. ती न ओळखल्यास काय होते, हे मी पहिल्याच वर्षी पाहिले. तीन मुलांसाठी मी तीन वेगवेगळे अभ्यासक्रम घेतले होते: धाकट्यासाठी प्राचीन संस्कृती, मधलीसाठी मध्ययुग आणि थोरल्यासाठी क्रांत्यांचा काळ. दुसऱ्या महिन्यातल्या एका सकाळी मी साडेनऊला फॅरोंपाशी होतो, सव्वादहाला चंगीझखानापाशी आणि अकराला बॅस्टिलच्या दारात. पुस्तके तिन्ही चांगली होती. आखणी माझी चुकली होती. तिन्ही संच अर्ध्यावर राहिले आणि एकाने काय वाचले हे दुसऱ्याला कधी कळलेच नाही.

त्यानंतर घरात एकच नियम राहिला, आणि पुढची सगळी आखणी त्याच्याभोवतीच फिरते: एका वेळी घरात एकच कालखंड असावा, त्यात किती खोल शिरायचे हे मात्र ज्याच्या त्याच्या वयाप्रमाणे वेगळे असावे.

पुस्तकाआधी दिनदर्शिका

बहुतेक पालक आधी पुस्तक निवडतात आणि मग त्याची प्रकरणे वर्षात कोंबतात. हा क्रम उलटा करावा. वर्षाच्या आखणीची सुरुवात दोन बाहेरच्या गोष्टींपासून होते, कारण त्या आपल्या हातात नसतात: कायदा आणि परीक्षा. घरच्या शिक्षणाविषयीचे नियम देशोदेशी इतके भिन्न आहेत की एका ठिकाणचा सल्ला दुसरीकडे निरुपयोगी ठरतो. जर्मनीत शाळेत जाणे सक्तीचे असून घरी शिकवण्यास सहसा परवानगी मिळत नाही. इंग्लंडमध्ये ती मुभा आहे, मात्र शिक्षण पूर्णवेळ आणि मुलाच्या वयाला व क्षमतेला साजेसे असावे, अशी १९९६ च्या शिक्षण कायद्याची अपेक्षा आहे. अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत घरच्या शिक्षणाला मान्यता आहे, पण नोंदणी, सक्तीचे विषय आणि चाचण्या यांचे नियम राज्यागणिक बदलतात. म्हणून आपण राहतो तिथला नियम मुळातून वाचावा. किती दिवस शिकवल्याची नोंद ठेवायची, कोणते विषय सक्तीचे आहेत आणि वर्षअखेर काय सादर करावे लागते, या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर उतरवून घ्यावीत. मूल पुढे एखाद्या मंडळाची परीक्षा बाहेरून देणार असेल, तर त्या परीक्षेचा अभ्यासक्रमही याच वेळी पाहून ठेवावा.

त्यानंतर आठवडे मोजावेत. वर्षाचे बावन्न आठवडे असतात. त्यांतले छत्तीस शिकवण्याचे धरले आणि आठवड्याला पाच दिवस धरले, तर एकशे ऐंशी दिवस होतात, आणि सोळा आठवडे सुट्या, आजारपण, प्रवास व पाहुणे यांच्यासाठी उरतात. या छत्तीस आठवड्यांचे बारा-बारा आठवड्यांचे तीन भाग करावेत आणि प्रत्येक भागाचा बारावा आठवडा आखणीत पूर्ण रिकामा ठेवावा. रिकामा म्हणजे सुट्टीचा नव्हे. मागे पडलेले भरून काढण्याचा. पहिल्या वर्षी हा आठवडा वाया जातो आहे असे वाटते. दुसऱ्या वर्षी तो कोणालाही सोडवत नाही.

आता इतिहासाच्या वाट्याला किती तास येतात ते पाहावे. आठवड्यातून दोन वेळा इतिहास घ्यायचा ठरवला, तर तेहतीस आठवड्यांत सहासष्ट तास मिळतात. यांतले निदान सहा काही ना काही कारणाने बुडतात असे धरून चालावे. उरलेल्या साठ तासांत अठ्ठेचाळीस प्रकरणांचे पुस्तक बसते आणि नकाशा, कालपट्टी, एखादी वस्तू बनवणे किंवा संग्रहालय पाहणे यांसाठी बारा तास राहतात. ऐंशी प्रकरणांचे पुस्तक मात्र बसत नाही, ते कितीही सुंदर असले तरी. मग एकतर आठवड्याला तीन तास द्यावेत, किंवा कोणती प्रकरणे गाळायची हे सुरुवातीलाच ठरवावे. हा साधा भागाकार खरेदीआधी केला, तर मार्चमध्ये किंवा ऑक्टोबरमध्ये होणारी ओढाताण टळते.

तारीखवार आखणी करू नये. सोमवार दिनांक अमुक रोजी प्रकरण सात, असे लिहून ठेवले की एका तापाने पुढचे सगळे कोष्टक खोटे पडते आणि मग ते खोडण्याचा कंटाळा येऊन वहीच बंद होते. त्यापेक्षा पाठांची क्रमवार यादी करावी आणि इतिहासाची वेळ आली की यादीतला पुढचा पाठ घ्यावा. सविस्तर तयारी फक्त पुढच्या तीन आठवड्यांची करावी. त्यापलीकडे नुसते विषय पुरेत. याउलट, प्रत्यक्षात काय झाले याची नोंद मात्र त्याच संध्याकाळी तारखेसह करावी. दोन ओळी पुरतात. जिथे कायद्याने नोंदी मागितल्या जातात तिथे हीच वही कामी येते, आणि जिथे मागितल्या जात नाहीत तिथे ‘आपण काहीच शिकवले नाही’ असे वाटणाऱ्या दिवसांत ती पालकाला उपयोगी पडते.

चार वर्षांचे चक्र आणि त्याची गोम

एकच कालखंड घ्यायचा हे ठरले, तरी कोणता, हा प्रश्न उरतो. घरी शिकवणाऱ्यांमध्ये चार वर्षांचे चक्र बरेच रूढ आहे. पहिल्या वर्षी आरंभापासून साधारण इ.स. ४०० पर्यंतचा प्राचीन काळ, दुसऱ्या वर्षी सुमारे १६०० पर्यंतचे मध्ययुग, तिसऱ्या वर्षी १८५० पर्यंतचा आरंभीचा आधुनिक काळ आणि चौथ्या वर्षी तिथून आजपर्यंत. चक्र संपले की पुन्हा प्राचीन काळापासून सुरुवात करायची, पण या खेपेला मूल चार वर्षांनी मोठे झालेले असते. सहाव्या वर्षी सुरुवात केलेले मूल अठरा वर्षांपर्यंत तीन फेऱ्या करते. तोच विषय वाढत्या खोलीने पुन्हा पुन्हा भेटावा, ही सर्पिल अभ्यासक्रमाची कल्पना मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रुनर यांनी १९६० मध्ये मांडली होती. चार वर्षांचे चक्र हे तिचेच घरगुती रूप म्हणता येईल.

या पद्धतीचे दोन दोष मात्र आधीच माहीत असावेत. पहिला असा की चौथे वर्ष सर्वांत जड असते. पहिल्या फेरीत मूल नऊ-दहा वर्षांचे असताना दोन महायुद्धे, ज्यूंचा संहार, फाळणी आणि अणुबॉम्ब हे सारे एकाच वर्षात समोर येते. एवढ्या लहान वयात या घटना लपवू नयेत, पण त्यांचा तपशील उगाळूही नये. काय झाले ते दोन-तीन खऱ्या वाक्यांत सांगावे आणि उरलेला वेळ त्या काळातल्या माणसांच्या गोष्टींना, विमानांच्या आणि रेडिओच्या कथेला, वसाहतींच्या स्वातंत्र्याला द्यावा. दुसरा दोष असा की धाकटे भावंड चक्राच्या अधेमधे येऊन मिळते. सहा वर्षांच्या मुलाची सुरुवात औद्योगिक क्रांतीपासून झाली म्हणून काही बिघडत नाही. वाफेचे इंजिन त्याला ममीइतकेच आवडते. क्रमाचे भान ते कालपट्टीवरून हळूहळू घेते. चक्र घराचे असते, एका मुलाचे नसते, हे लक्षात ठेवले की ही चिंता मिटते.

देशाचा इतिहास आधी की जगाचा, हा वाद मला फारसा फलदायी वाटत नाही. दोन्ही वेगळ्या पुस्तकांत, वेगळ्या दिवशी शिकवले की मुलाच्या डोक्यात दोन वेगळी जगे तयार होतात. त्याऐवजी एक तारीख घ्यावी आणि तिच्याभोवती फिरावे. ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्या वेळी दिल्लीच्या तख्तावर औरंगजेब होता, फ्रान्समध्ये चौदावा लुई राज्य करत होता आणि पुढच्याच वर्षी, १६७५ मध्ये, ग्रीनिचला वेधशाळेची स्थापना झाली. या चार गोष्टी एका पानावर आल्या की ‘तेव्हा तिकडे काय चालले होते?’ हा प्रश्न मुले स्वतःच विचारू लागतात.

पुस्तक पारखण्याची रीत

अभ्यासक्रमांचे ढोबळ चार प्रकार दिसतात: संपूर्ण मांडणी असलेली पाठ्यपुस्तके, गोष्टीच्या ओघात लिहिलेले ग्रंथ, एकाच विषयाभोवती भूगोल, विज्ञान, हस्तकला गुंफणारे प्रकल्प, आणि मूळ साधनांच्या उताऱ्यांवर उभारलेले अभ्यासक्रम. कोणताही एक प्रकार सर्व वयांना पुरत नाही. लहानांना गोष्ट लागते, मधल्यांना मांडणी लागते आणि मोठ्यांना साधने लागतात. म्हणून घराचा कणा म्हणून एकच पुस्तक ठेवावे, जे मोठ्याने वाचले असता सर्वांना कळेल, आणि प्रत्येक मुलासाठी त्याला वयानुसार एक-दोन पुस्तकांची जोड द्यावी. संपूर्ण संच एकदम घेऊ नये. शक्य असेल तर नमुना प्रकरणे मिळवून तीन आठवडे चालवून पाहावीत. मुलांना आवडणे न आवडणे तेवढ्यात कळते, आणि आपल्याला झेपते की नाही हेही.

पुस्तक पारखताना अनुक्रमणिका वाचून समाधान मानू नये. आपल्याला ज्याची चांगली माहिती आहे असा एक विषय निवडून तेच प्रकरण दोन-तीन पुस्तकांत वाचावे. परक्या विषयावर प्रत्येक पुस्तक विद्वान वाटते. ओळखीच्या विषयावर मात्र त्याची खरी किंमत कळते. १८५७ ची घटना घ्या. एक पुस्तक तिला शिपायांचे बंड म्हणते, दुसरे उठाव म्हणते, तिसरे स्वातंत्र्यसमर म्हणते. यांपैकी कोणतेही नाव वापरले तरी माझी हरकत नाही. पण ही तिन्ही नावे का प्रचलित आहेत, कोणी कोणते का वापरले, हे ज्या पुस्तकात कुठेच सुचवलेले नाही, ते पुस्तक थोरल्या मुलाला पुरणार नाही.

दुसरी परीक्षा विस्ताराची. ‘जगाचा इतिहास’ म्हणवणारी कित्येक पुस्तके आशिया आणि आफ्रिकेला तेव्हाच आठवतात, जेव्हा एखादे युरोपीय जहाज तिथे पोहोचते. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला आला हे सगळीकडे असते; पण त्याआधी, १४०५ ते १४३३ या काळात, झेंग हे या दर्यासारंगाच्या चिनी आरमाराने सात मोहिमा काढल्या आणि त्यांत कालिकतही होते, हे असतेच असे नाही. आफ्रिकेतल्या मालीचा राजा मानसा मूसा १३२४ मध्ये मक्केच्या यात्रेला निघाला असताना कैरोत त्याने उधळलेल्या सोन्याची चर्चा पुढे कित्येक वर्षे चालली, ही गोष्ट मुलांना हमखास आवडते. सूचीत ही दोन नावे शोधावीत. ती नसली म्हणून पुस्तक टाकून देऊ नये, पण आपल्याला कुठे भर घालावी लागणार आहे ते कळते.

तिसरी परीक्षा भाषेची आहे, आणि ती सूक्ष्म आहे. पुरावा असलेले विधान, तर्काने काढलेले अनुमान आणि परंपरेने चालत आलेली कथा या तिन्हींसाठी लेखक वेगळी क्रियापदे वापरतो का, हे पाहावे. ‘घडले’, ‘घडले असावे’ आणि ‘घडले असे सांगतात’ यांतला फरक जे पुस्तक पाळते त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. सिंधू संस्कृतीच्या प्रकरणात तर हे चटकन तपासता येते. तिची लिपी अद्याप सर्वमान्य रीतीने वाचली गेलेली नाही. त्यामुळे तिथल्या राजांविषयी आणि देवांविषयी जो लेखक ठाम बोलतो, तो इतरत्रही ठामच बोलत असणार.

चौथी गोष्ट पुस्तकाची नसून आपली आहे: तयारीला लागणारा वेळ. काही अभ्यासक्रमांत प्रत्येक पाठासाठी कातरकाम, साहित्य आणि तीन जोडपुस्तके लागतात. आठवड्याला तयारीसाठी एक तास देता येणार असेल, तर तीन तास मागणारा अभ्यासक्रम घेऊ नये. कपाटात तो शोभतो, पण चालत नाही.

वयाप्रमाणे काय मागावे

सहा वर्षांखालील मुलांना इतिहासाचा वेगळा तास नको. काल, आज, गेल्या वर्षी, आजी लहान होती तेव्हा, एवढे काळाचे भान या वयात पुरे. मोठ्या भावंडांच्या वाचनाला ती बसली तर बसू द्यावे, उठून गेली तर जाऊ द्यावे.

सहा ते नऊ या वयात पाठ पंधरा ते वीस मिनिटांचा असावा आणि त्याचा मुख्य व्यायाम पुनर्कथन हा असावा. उतारा एकदाच वाचावा, मग पुस्तक मिटून मुलाला आपल्या शब्दांत सांगायला लावावे. ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन (१८४२–१९२३) यांनी या पद्धतीवर भर दिला होता आणि ती दिसते त्यापेक्षा अवघड आहे. शंका असल्यास पालकाने एखादे पान वाचून स्वतः करून पाहावे. सनावळ्या पाठ करून घेऊ नयेत. चित्र काढणे, नाव लिहिणे, सांगितलेली दोन वाक्ये आपण लिहून घेणे, एवढे लेखन पुरे.

दहा ते तेरा हे वय मला सर्वांत रसाळ वाटते, कारण या वयात ‘का’ येतो. आता तारखा लागतात, नकाशे रिकाम्या आराखड्यावर भरता येतात, परिच्छेदाचा सारांश एका वाक्यात करता येतो. एकाच घटनेची दोन कारणे शोधून त्यांतले कोणते महत्त्वाचे हे ठरवायला सांगावे. या वयातली मुले न्यायाविषयी फार हळवी असतात. राजा वाईट होता की चांगला, एवढ्यावर ती थांबतात. त्यांना तिथून पुढे न्यायचे काम पुस्तकाचे नसते, ते जेवताना होणाऱ्या गप्पांचे असते.

चौदानंतर मुलाने मूळ साधनांना हात घालावा. ते कोणी लिहिले, कधी लिहिले, कोणासाठी लिहिले आणि काय लिहिले नाही, हे चार प्रश्न प्रत्येक साधनाला विचारायची सवय लागली पाहिजे. महिन्याला एक निबंध पुरे, पण त्यात मत असावे आणि मताला आधार असावा. मात्र मूल मंडळाची परीक्षा देणार असेल, तर परीक्षेआधीची दोन वर्षे त्याला घराच्या चक्रातून मोकळे करावे. परीक्षेचा अभ्यासक्रम आणि घरचा कालखंड दोन्ही सांभाळायला लावणे म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे. संध्याकाळच्या मोठ्याने वाचनाला त्याने हौसेने बसावे, एवढेच.

एक पाठ, तीन वये

हे प्रत्यक्षात कसे होते ते एका पाठावरून दाखवतो. इ.स. ७९ मध्ये इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि पाँपेई हे रोमन शहर राखेखाली गेले. पहिल्या दिवशी सर्वांना एकत्र बसवून कण्याच्या पुस्तकातले प्रकरण वाचले. वीस मिनिटे झाली. मग धाकट्याने गोष्ट परत सांगितली. त्याच्या सांगण्यात डोंगर दोनदा फुटला आणि माणसे पळाली, पण कुत्रा राहिला. कुत्र्याच्या देहाच्या साच्याचे छायाचित्र पाहिल्यापासून त्याला दुसरे काही दिसतच नव्हते. त्याला डोंगराचे चित्र काढायला दिले आणि त्याचा इतिहास तिथे संपला.

मधलीला प्रश्न दिला की राखेत दबलेल्या माणसांचे आकार आपल्याला कसे दिसतात. देह कुजून गेल्यावर घट्ट झालेल्या राखेत पोकळी उरली आणि १८६३ मध्ये पुरातत्त्वज्ञ जुझेप्पे फिओरेल्ली यांनी त्या पोकळ्यांत प्लॅस्टर ओतून आकार मिळवले, हे तिने वाचले. वाचून तिचे समाधान होईना, म्हणून ओल्या मातीच्या गोळ्यात एक शिंपला दाबला, तो काढून घेतला आणि खळग्यात प्लॅस्टर ओतले. दुसऱ्या दिवशी माती फोडल्यावर शिंपल्याच्या रेघा उमटलेल्या दिसल्या. ‘म्हणजे माणूस नाही, माणसाची जागा दिसते,’ असे ती म्हणाली. तिच्या वहीत तेच वाक्य आहे, सारांश म्हणून.

थोरल्याला उद्रेकाच्या तारखेचा वाद दिला. ‘धाकटा प्लिनी’ म्हणून ओळखला जाणारा रोमन लेखक उद्रेकाच्या वेळी सतरा वर्षांचा होता. त्याने पुष्कळ वर्षांनंतर इतिहासकार टॅसिटसला लिहिलेल्या पत्रांत त्या दिवसांचे वर्णन केले आहे आणि त्याच पत्राच्या हस्तलिखित परंपरेवरून २४ ऑगस्ट ही तारीख रूढ झाली. पण उत्खननात शरदातली फळे आणि उबदार कपड्यांच्या खुणा मिळाल्या, आणि २०१८ मध्ये एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली ओळ सापडली, जिच्यातली तारीख १७ ऑक्टोबरची ठरते. कोळशाचे अक्षर फार टिकत नाही, म्हणून ते उद्रेकाच्या थोडेसेच आधीचे असावे, असा युक्तिवाद आहे. मात्र त्या ओळीत वर्ष लिहिलेले नाही. थोरल्याने दोन्ही बाजू एका पानावर मांडायच्या होत्या. त्याने तीन दिवस घेतले आणि शेवटी ऑक्टोबरच्या बाजूने कौल दिला, पण ‘वर्ष असते तर बरे झाले असते’ अशी तक्रारही जोडली. मला तो कौल नव्हे, ती तक्रार हवी होती.

या साऱ्याला मिळून माझी तयारी सव्वा तासाची झाली. तीन स्वतंत्र कालखंड असते तर प्रत्येकाची तेवढीच झाली असती.

भिंतीवरची पट्टी

कालखंड एकच ठेवला तरी मुलाला काळाची लांबी कळत नाही, ती दिसावी लागते. एका सेंटिमीटरला दहा वर्षे असे प्रमाण धरून कागदाची पट्टी करावी. इ.स.पू. ३००० पासून आजपर्यंतची पट्टी पाच मीटरांहून थोडी अधिक होते आणि एका खोलीच्या दोन भिंतींवर मावते. तिच्यावर गिझाचा मोठा पिरॅमिड इ.स.पू. सुमारे २५६० पाशी लावावा, क्लिओपात्राचा मृत्यू इ.स.पू. ३० पाशी लावावा आणि मुलाच्या हातात मोजपट्टी द्यावी. पिरॅमिडपासून क्लिओपात्रापर्यंत सुमारे अडीच मीटर भरतात, तर क्लिओपात्रापासून आपल्यापर्यंत दोन मीटर आणि वर थोडे. तोंडी सांगितले तर मुले मान डोलावतात; स्वतः मोजले की पुन्हा मोजून पाहतात. (मोठ्या मुलाला इथेच सांगावे की इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येते, शून्य वर्ष नाही. मग त्याची वजाबाकी एका वर्षाने चुकते आणि ते त्याला फार आवडते.) विसाव्या शतकाला मात्र या प्रमाणात जेमतेम दहा सेंटिमीटर मिळतात आणि तिथे चिठ्ठ्यांची गर्दी होते, त्यासाठी चौथ्या वर्षी सेंटिमीटरला एक वर्ष या प्रमाणाची वेगळी पट्टी करावी.

पट्टीवर काय लावायचे ते मुलांनी ठरवावे. आठवड्याला दोन चिठ्ठ्यांपेक्षा जास्त लावू देऊ नयेत, म्हणजे निवड करावी लागते आणि निवडीवरून वाद होतात.

उजळणी आणि वर्षाची अखेर

लहानांच्या लेखी चाचण्या घेऊ नयेत, पण उजळणी टाळू नये. शिकलेले सर्वाधिक विसरणे पहिल्या काही दिवसांतच होते, हे मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून दाखवले होते. म्हणून प्रत्येक पाठाची पहिली पाच मिनिटे मागच्या पाठाला द्यावीत, आणि आपण सांगू नये, मुलांकडून काढून घ्यावे. बाराव्या, म्हणजे रिकाम्या, आठवड्यात प्रत्येकाला एक मोठा कोरा कागद द्यावा आणि या भागात जे जे आठवते ते पुस्तक न उघडता लिहायला किंवा काढायला सांगावे. कागदावर जे आले नाही ते पुढच्या भागाच्या उजळणीत घ्यावे. हे तीन कागद तारीख घालून जपून ठेवावेत. कुठे प्रगती दाखवावी लागली तर गुणपत्रकापेक्षा ते जास्त बोलतात.

वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात पुस्तक संपलेले नसते, हे गृहीत धरावे. समजा आठ प्रकरणे उरली आहेत. त्यांतली दोन, जी पुढच्या कालखंडाचा पाया आहेत, ती नीट वाचावीत. प्राचीन काळाचे वर्ष असेल तर रोमन साम्राज्याची अखेर गाळून मध्ययुगात शिरता येत नाही. तीन एका संध्याकाळी आपण गोष्टीसारखी सांगावीत. उरलेली तीन सोडून द्यावीत, आणि पट्टीवर त्यांच्या जागी रंगीत कोऱ्या चिठ्ठ्या लावून ठेवाव्यात. चार वर्षांनी चक्र फिरून तिथे येईल तेव्हा पहिली मांडणी त्या चिठ्ठ्यांपासून सुरू करावी. पुढच्या वर्षाची सुरुवात मात्र उरलेल्या प्रकरणांनी करू नये. नव्या कालखंडाच्या पहिल्या पानानेच करावी.